तार कुठून न्यायची

एप्रिल संपत आला की शंकर नगरातल्या गॅलऱ्यांमध्ये कूलर बाहेर येतात. जुन्या टट्ट्या निघतात, नव्या बसतात, टाकीत पाइप सोडला जातो आणि पहिल्या दिवशी घरभर ओल्या लाकडाच्या भुशाचा वास पसरतो. मग मोटर सुरू होते. पावसाळा येईपर्यंत आमची सगळी वसाहत एकाच खर्जात बोलते.

मी सगळी नोकरी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात काढली, त्यामुळे मला त्या घरघरीच्या खाली दुसरीही एक गुणगुण ऐकू येते. विजेच्या लाइनीतून येणारी, खालच्या पट्टीतली, न थांबणारी. ॲम्प्लिफायरवाले तिला 'हम' म्हणतात. ती ऐकू आली की मला तो एक उन्हाळा आठवतो. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांच्या, भर दुपारी आम्ही चांगला चालता कूलर बंद करून, घामाने निथळत बसायचो. कशासाठी, तर हम किती कमी झाला ते ऐकण्यासाठी.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मोठा भाऊ, श्रीधरदादा. तो ब्राह्मणपाऱ्यात राहतो, आमच्या वडिलांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. सोबत शैलावहिनी आणि त्यांची मुलगी गार्गी. दिवसा सरकारी ऑफिसात फायली आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात लीड गिटार, असं त्याचं आयुष्य. दुर्ग, राजनांदगाव, बिलासपूर, जिथे मांडव पडेल तिथे तो जायचा. बायकोच्या माहेरी लोक त्याला 'गिटारवाले जावई' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे शोधायच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

त्या उन्हाळ्याच्या आधीच्या थंडीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू. वाचा गेली नव्हती. पाय लवकर सुधारला, जिना चढू-उतरू लागला. हात कोपरापर्यंत परत आला आणि तिथून पुढे रेंगाळला. बोटं हलायची, पण त्यांना काही कळायचं नाही. जाड हातमोजा घातल्यासारखं वाटतं, असं तो सांगायचा. वाफाळता चहाचा ग्लास डाव्या मुठीत धरून तो खुशाल पेपर वाचत बसायचा आणि वहिनी धावत येऊन तो काढून घ्यायच्या. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो त्याने कपाटाच्या मागे टाकून दिला.

"मी काय पोट्टा आहे का, चेंडू खेळाले?"

गिटार खोळीत घालून पलंगाखाली गेली होती. तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

माझ्या सुट्ट्या लागल्या तशी मी रोज जेवणाआधी स्कूटरवर त्याच्याकडे जाऊ लागले. एके दिवशी कैरीचं पन्हं पिता पिता तो म्हणाला, "नंदे, मले एक ॲम्प्लिफायर बनवून दे. व्हॉल्व्हचा."

माझ्या तोंडून पटकन निघालं, "वाजवणार कोण?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. दादा मात्र शांत होता. "उजवा हात आहे ना? तार तर छेडता येते. आवाज तर ऐकता येते."

त्याच्या ऑर्केस्ट्राकडे सुरुवातीच्या काळात एक व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. दोघांनी उचलावा लागे इतका जड. मागून पाहिलं की काचेच्या नळ्यांमध्ये केशरी तारा निवांत तापत असलेल्या दिसायच्या. नंतर मालकाने तो काढून हलका, ट्रान्झिस्टरचा आणला. दादाने त्या गोष्टीसाठी त्याला कधी माफ केलं नाही. ट्रान्झिस्टरवर जोर दिला तर आवाज फाटतो, आणि व्हॉल्व्हवर जोर दिला तर पिकतो, हे त्याचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शास्त्र म्हणून ते अगदीच चुकीचं नाही. व्हॉल्व्ह एकदम हात वर करत नाही, हळूहळू वाकतो. त्या वाकण्यालाच लोक गोडवा म्हणतात.

ॲम्प्लिफायर दोघांनी मिळून जोडायचा हे ठरलं, आणि भांडण लागलं तारांवरून.

असं यंत्र जोडायच्या तीन रीती आहेत. एक, छापील बोर्ड: तारांच्या जागी तांब्याच्या रेघा, सुटे भाग भोकांत बसवायचे आणि खालून सोल्डरचे टाके द्यायचे. दुसरी, तपकिरी फळीवर पितळी गुंड्यांच्या दोन रांगा, भाग त्यांच्यावर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे. तिसरी सगळ्यांत जुनी. फळी नाही, बोर्ड नाही. व्हॉल्व्हच्या बैठकीपासून थेट पुढच्या बैठकीपर्यंत भागांचे पाय ताणायचे आणि हवेतच टाका द्यायचा. उघडून पाहिलं तर सुगरणीच्या घरट्यासारखं दिसतं.

मी छापील बोर्ड म्हणत होते. स्वच्छ, पक्का, चुकायला जागा नाही. आत तीनशेच्या वर व्होल्ट खेळणार होते, आणि जोडणाऱ्याच्या एका हाताला काही कळत नव्हतं.

"मले बोर्ड-बिर्ड नाही पायजे," दादा म्हणाला. "त्याच्यात आवाज मरते."

"काहून मरेल? विजेला काय माहीत ती बोर्डातून जाते की तारेतून?"

"तुले कानानं ऐकता येत नाही, मीटरनं ऐकते तू."

हे थोडं लागलं. मी त्याला समजावू लागले की फरक पडतो तो तारेच्या जातीमुळे नाही, तिच्या वाटेमुळे. कोणती तार कुणाच्या शेजारून जाते, किती लांब जाते, अर्थिंगसाठी कुठे टेकते. जुन्या हाताच्या जोडणीत एखाद्या कारागिराला वाट चांगली साधायची, म्हणून आवाज चांगला यायचा. पद्धतीत जादू नव्हती. हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते.

बोलता बोलता मी त्याला दाखवायला हीटरच्या तारा हातात घेतल्या. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या या दोन तारांमध्ये वीज सतत उलटसुलट होत असते, आणि हम पहिल्यांदा तिथूनच शिरतो. म्हणून त्या एकमेकींना घट्ट पीळ घालून चेसिसच्या, म्हणजे खालच्या पत्र्याच्या पेटीच्या, कोपऱ्यात दाबून न्यायच्या असतात. दादाने माझ्या हातून त्या काढून घेतल्या. एक टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरलं आणि उजव्याने पीळ घालू लागला. चिमूट सुटली. त्याने पुन्हा धरली. परत सुटली, परत धरली. तोंडाने तो अजूनही माझ्याशी भांडतच होता.

वहिनी दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "ठीक आहे. हवेतली जोडणी करू."

दादाला वाटलं, तो वाद जिंकला.

ट्रान्सफॉर्मर गुढियारीत गुंडाळून घेतले. मालधक्क्याच्या मागे साहूजींचं एका शटरचं दुकान आहे. मोटरी, पंखे, वेल्डिंगचे ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांची वाइंडिंग ते करतात. माझा कागद त्यांनी डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "मैडम, ये तो रेडियो के ज़माने का माल है. घर में कोनो बीमार हे का?" असं त्यांनी का विचारलं असेल, ते मी अजून सोडवू शकलेले नाही. मी "हव" म्हटलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

मग दुपारी सुरू झाल्या. त्या दुपारींचा क्रम मला आता लागत नाही. राळेचा धूर आठवतो, आणि त्यातून चष्मा वर-खाली करणारा दादा. खाली गल्लीत चार आणि तेंदू ही रानफळं विकणारीची हाक आठवते. वहिनी मोठ्या वाडग्यांमध्ये बोरे-बासी आणून द्यायच्या, सोबत कांदा आणि कैरीचं लोणचं. रात्रभर पाण्यात भिजलेला तो थंड भात खाल्ला की डोळे मिटायचे, आणि दादा म्हणायचा, "झोपू नको, टाका थंड होते." चांगला टाका चकाकतो. हात हलला तर राखाडी, दाणेदार होतो. दादाचे पहिले सगळे टाके राखाडी होते. मी ते ओढून दाखवायचे, सुटून हातात यायचे. तो तिथेच पुन्हा करायचा. वर्गात मी मुलांना असं करायचे तेव्हा निदान दोन-तीन जण तरी चिडायचे.

नियम मी पहिल्याच दिवशी सांगितला होता: यंत्र चालू असताना आत एकच हात, दुसरा खिशात. दोन्ही हात आत असले तर धक्का छातीतून जातो.

"माझा तर तसाही खिशातच असते," दादा म्हणाला. आजारपणानंतरचा हा त्याचा पहिला विनोद. वहिनींना तो आवडला नाही.

दुसरा नियम, बंद केल्यावरही लगेच हात घालायचा नाही. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती रेझिस्टरमधून उतरवायची, मीटर शून्य दाखवेपर्यंत थांबायचं. हे थांबणं मात्र दादाला छान जमायचं. थंडीपासून तो तेच करत होता.

पहिल्यांदा सुरू केला तेव्हा व्हॉल्व्ह तापले, केशरी झाले आणि स्पीकरमधून असा काही कर्कश आवाज निघाला की समोरच्या घरातला पोपट ओरडू लागला. गार्गी ऑफिसातून जेवायला घरी आली होती. तिने कानांवर हात ठेवले. "आत्या, ये गिटार का एम्प है या कारखाने का भोंगा?"

या ॲम्प्लिफायरमध्ये शेवटच्या ट्रान्सफॉर्मरमधून थोडा आवाज मागे आणून सुरुवातीला उलटा जोडतात. तो लगामासारखा काम करतो. चुकून सुलटा जोडला गेला की लगामाचा चाबूक होतो. साहूजींनी दोऱ्याच्या रंगांनी टोकं ओळखायला दिली होती आणि मी रंग उलटे समजले होते. टोकं बदलली. किंचाळी थांबली.

आणि तिच्या मागे लपलेला हम समोर आला.

इथून ते कूलर बंद करणं सुरू झालं. गार्गीच्या आकाशकंदिलातली एक सुकी बांबूची काडी काढून घेतली. डावा हात कमरेमागे ठेवून मी चालू यंत्रात एकेक तार त्या काडीने हळूच सरकवायचे, आणि दादा स्पीकरपाशी कान देऊन बसायचा. "वाढला. वाढला. तसाच. हा, आता कमी झाला. थांब." तार केसभर हलली तरी त्याला कळायचं. मला नाही कळायचं. कानाच्या बाबतीत त्याने जे म्हटलं होतं ते निदान तेवढ्यापुरतं खरं होतं.

शेवटी सापडली. आवाजाच्या बटनापासून दुसऱ्या व्हॉल्व्हकडे जाणारी बारीक तार हीटरच्या पिळाला चिकटून गेली होती. ती मुळात पलीकडच्या भिंतीने, बैठकांच्या मागून यायला हवी होती.

"ही मीच ठेवली," दादा म्हणाला. "तिकडं बोट जात नव्हतं."

पलीकडून न्यायची तर तारेचं उघडं टोक डाव्या बोटाने खोलवर दाबून धरायचं आणि उजव्या हाताने टाका द्यायचा, याशिवाय वाट नव्हती. माझा हात लहान आहे. मी म्हटलं, "दे, मी करते."

"थांब."

यंत्र बंद केलं. मीटर शून्यावर येऊ दिलं. त्याने जुना टाका सोडवला आणि नवी तार आत घातली. बोट तिच्यावर नेलं, तार निसटली. पुन्हा नेलं. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून चेसिसमध्ये पडेल म्हणून मी टॉवेल धरून उभी होते. कितीदा निसटली ते मी मोजलं नाही. एकदा ती राहिली. त्याने सोल्डरिंग आयर्न टेकवलं, कथील वितळलं, आणि उघड्या तांब्यातून उष्णता जाते तशी ती झरकन त्याच्या बोटापर्यंत गेली.

"आई गं!"

त्याने हात झटकून बाहेर काढला. वहिनी कणकेच्या हातांनीच धावत आल्या आणि सरळ माझ्यावर घसरल्या. "मी सांगून राहिली होती नंदाताई, हे काम त्यांचं नाही! तुम्ही दोघं ऐकत नाही माझं!"

दादा तर्जनीकडे बघत होता. तिच्या टोकावर एक पांढुरका डाग उठत होता.

"भाजलं," तो म्हणाला.

"भाजेलच ना, मग काय होईल?" वहिनी म्हणाल्या.

"अवं, मले भाजलं."

वहिनी थांबल्या. माझ्या आधी त्यांना कळलं. त्यांनी त्याचा हात धरून नळाखाली नेला आणि पुष्कळ वेळ तसाच धरून ठेवला. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थंड कुठून असणार? ते कढत होतं. दादाने बोट मागे ओढलं, म्हणजे तेही त्याला कळलं होतं.

"खूप दुखते का?" वहिनींनी विचारलं.

"हव. खूप," तो म्हणाला.

मी खोलीत परत येऊन टाका पाहिला. चकाकत होता.

दादा स्टेजवर पुन्हा कधी गेला नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. ऑर्केस्ट्राचे जुने साथी एकदा येऊन गेले, चहा घेतला, ॲम्प्लिफायरची तारीफ केली. जाताना एकाने जिन्यात मला विचारलं, "गिटार पुन्हा येईल का त्यांच्या हातात?" मी सांगितलं की मला माहीत नाही. अशा आजारात काय परत येतं आणि काय येत नाही, याचा नकाशा कुणी छापलेला नाही.

हम जवळजवळ गेला. उरला तो स्पीकरला कान लावल्याशिवाय ऐकू येत नव्हता. गिटार पलंगाखालून निघाली. दादा खुर्चीत बसून मोकळ्या तारा छेडायचा, डावा हात मांडीवर. जाडी तार, मग बारीक, मग पुन्हा जाडी. प्रत्येक स्वर विझेपर्यंत ऐकायचा. बरेच दिवस हेच चाललं. गार्गी वैतागून म्हणायची, "पापा, इसके आगे भी कुछ है क्या?" तो हसायचा. आणि कधीकधी मी दुपारी पोचले की त्याच्या खोलीचं दार आतून लावलेलं असायचं. "झोपले आहेत," वहिनी सांगायच्या, आणि मला स्वयंपाकघरात बसवून ठेवायच्या.

तोवर मी घरी दुसरा ॲम्प्लिफायर बनवला. तेच सर्किट, साहूजींकडचेच ट्रान्सफॉर्मर, त्याच जातीचे व्हॉल्व्ह, फक्त छापील बोर्डावर. गरज काहीच नव्हती. वादाचा मुद्दा अर्धवट सोडणं मला जमत नाही, इतकंच. नवा तयार झाला तेव्हा आभाळ भरून यायला लागलं होतं आणि माझं पॉलिटेक्निक उघडायच्या बेतात होतं. तो स्कूटरवर पायांमध्ये धरून ब्राह्मणपाऱ्यात नेला.

दोन्ही ॲम्प्लिफायर चादरीखाली ठेवले. स्पीकर एकच. मध्ये एक बदलणारा स्विच, आणि ज्याला स्पीकर मिळत नाही त्याच्यावर भार म्हणून एक जाडजूड रेझिस्टर. दोघांचा आवाज मीटर लावून सारखा केला. दादाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. स्विच माझ्या हातात. गिटार गार्गीने छेडायची असं ठरलं होतं, पण ती आली नव्हती.

"आण इकडं, मीच वाजवतो," तो म्हणाला.

मी पहिला लावला. त्याने मोकळ्या तारा छेडल्या. दुसरा लावला. पुन्हा छेडल्या. "पहिला," तो लगेच म्हणाला. "पहिला आपला. याच्यात जीव आहे."

पहिला बोर्डाचा होता. मी तसं सांगितलं. आवाजात विजय येऊ नये एवढी काळजी घेतली.

त्याने घुमणाऱ्या तारा उजव्या तळव्याने दाबून बंद केल्या. मला वाटलं, चिडला. मग म्हणाला, "मोकळ्या तारेवर काय समजते? नीट वाजवून पाहू दे. लाव."

मी पहिला लावला. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दादाचा डावा हात मांडीवरून उठला आणि गिटारच्या मानेवर गेला. बोटं एकेक करून तारांवर बसली, सावकाश. करंगळी बाहेरच राहिली. त्याने उजवा हात फिरवला. पूर्ण सूर लागला, तीन बोटांचा कॉर्ड. एक तार जराशी खरखरली. त्याने बोट सरकवून ती सुधारली आणि पुन्हा वाजवलं. मग दुसरा सूर, मग परत पहिला. एका सुरातून दुसऱ्यात जायला त्याला वेळ लागत होता, आणि तो वेळ तो घेत होता. बंद दारामागच्या दुपारी कुठे गेल्या ते मला समजलं.

दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

दादा बराच वेळ वाजवत राहिला. मी स्विच बदलायचं विसरून गेले होते. शेवटी त्याने मान वळवली, आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"काय पाहून राहिल्या दोघी?" तो म्हणाला. "दुसरा लाव ना."